ई-मेलचे पर्यायी पत्ते व टपालसूची

ई-मेलच्या ज्या पत्त्याला स्वतःची टपालपेटी नसते आणि ज्यावर आलेले पत्र मेल सर्व्हर दुसऱ्या एका किंवा अनेक पत्त्यांकडे वळवितो, त्या पत्त्यास पर्यायी पत्ता किंवा एलियस म्हणतात. एका पत्त्यावर आलेले पत्र नोंदलेल्या सर्व सभासदांना नव्याने पाठविणाऱ्या व्यवस्थेस टपालसूची किंवा मेलिंग लिस्ट अशी संज्ञा आहे. दोहोंचे बाह्य स्वरूप सारखेच दिसते. पाठविणारा एका पत्त्यावर एकच पत्र टाकतो व ते अनेकांना मिळते. दोहोंतील खरा भेद पत्र पोचले नाही तर ते कोणाकडे परत जावे, या प्रश्नाच्या उत्तरात आहे. पर्यायी पत्ता पत्र केवळ पुढे धाडतो. म्हणून न पोचलेले पत्र मूळ प्रेषकाकडे परत जाते. टपालसूची तेच पत्र स्वतःच्या जबाबदारीवर पुन्हा टपालात टाकते. म्हणून परत आलेले पत्र सूचीच्या चालकाकडे येते. मेल सर्व्हरची मांडणी करताना होणाऱ्या अनेक चुकांचे मूळ या भेदाकडे झालेल्या दुर्लक्षात सापडते.

इतिहास : जाळ्याने जोडलेल्या दोन संगणकांच्या वापरकर्त्यांमध्ये पत्रव्यवहाराची सोय रे टॉमलिन्सन यांनी अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्यावर १९७१ मध्ये केली. व्यक्तीचे नाव व संगणकाचे नाव यांच्यामध्ये @ हे चिन्ह घालण्याची त्यांची पद्धत पुढे रूढ झाली. चारच वर्षांनी, १९७५ मध्ये, त्याच जाळ्यावर ‘एमएसजीग्रुप’ ही टपालसूची सुरू झाली. ई-मेलची रचना कशी असावी, हाच तिच्यातील चर्चेचा विषय होता. आरंभी तिचे काम स्वयंचलित नव्हते. आइनार स्टेफरुड हे तिचे नियामक म्हणून काम पाहत.

पर्यायी पत्त्यांची आज परिचित असलेली मांडणी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत एरिक ऑल्मन यांनी लिहिलेल्या ‘सेंडमेल’ या कार्यक्रमामुळे सर्वत्र पसरली. हा कार्यक्रम १९८३ मध्ये बर्कलीच्या युनिक्स प्रणालीबरोबर वितरित झाला. पुढे निघालेल्या फिलिप हेझल यांच्या ‘एक्झिम’ (१९९५) व व्हीट्से व्हेनेमा यांच्या ‘पोस्टफिक्स’ (१९९८) या कार्यक्रमांनीही त्या मांडणीचा बराचसा भाग कायम ठेवला. तत्पूर्वी, ऑगस्ट १९८२ मध्ये, जॉन पोस्टेल यांनी पत्रांच्या देवघेवीची ‘एसएमटीपी’ ही नियमावली प्रसिद्ध केली होती. तिच्यात टपालसूचीचा उल्लेख असून सूचीतील सभासदांची नावे विचारण्याची ‘एक्स्पन’ ही आज्ञाही दिलेली होती. नको असलेली जाहिरातवजा पत्रे, म्हणजेच स्पॅम, धाडणाऱ्यांना या आज्ञेमुळे पत्ते आयतेच हाती लागू लागल्याने बहुतेक सर्व्हरवर ती पुढे बंद करण्यात आली.

सूचीचे कामकाज माणसाऐवजी कार्यक्रमावर सोपविण्याचा महत्त्वाचा टप्पा बिटनेट या विद्यापीठीय जाळ्यावर गाठला गेला. तेथे एरिक टॉमस यांनी १९८६ मध्ये लिहिलेल्या ‘लिस्टसर्व्ह’मुळे सभासदाला ठराविक शब्दांचे पत्र पाठवून स्वतःचे नाव सूचीत घालता वा काढता येऊ लागले. ब्रेंट चॅपमन यांचा ‘मेजरडोमो’ (१९९२) आणि जॉन व्हिएगा यांनी आरंभिलेला व बॅरी वॉर्सा यांनी पुढे वाढविलेला ‘मेलमन’ हे त्याच परंपरेतील कार्यक्रम होत.

पत्र आणि पाकीट : ही व्यवस्था समजण्यासाठी ई-मेलचे दोन भाग वेगळे ओळखावे लागतात. वाचकाला पडद्यावर दिसणारे प्रेषकाचे नाव, प्राप्तकर्त्याचे नाव, विषय व मजकूर हे सर्व पत्राचे भाग होत. एका सर्व्हरने दुसऱ्या सर्व्हरला पत्र देताना त्याआधी सांगितलेले दोन तपशील, म्हणजे परतीचा पत्ता आणि प्रत्यक्ष प्राप्तकर्त्यांचे पत्ते, यांस पाकीट म्हणता येईल. कागदी टपालात पोस्टमन पाकीट वाचतो, आतील मायना वाचीत नाही. त्याचप्रमाणे सर्व्हरही पत्राचे वाटप पाकिटावरून करतो. पत्रावर ‘प्रति, सचिव’ असे असूनही पाकिटावर तीन वेगळे पत्ते असू शकतात.

पर्यायी पत्ता व टपालसूची या दोन्ही क्रिया पाकिटावर घडतात. २००८ मध्ये सुधारून प्रसिद्ध झालेल्या नियमावलीत त्यांचा भेद स्पष्ट नोंदविलेला आहे. पर्यायी पत्त्याच्या बाबतीत पाकिटावरील प्राप्तकर्त्याचा पत्ता तेवढा बदलावयाचा असतो. परतीच्या पत्त्यास हात लावावयाचा नसतो. टपालसूचीच्या बाबतीत मात्र परतीचा पत्ता बदलून तेथे सूची सांभाळणाऱ्याचा पत्ता घालणे आवश्यक मानले आहे. दोन्ही प्रकारांत पत्रातील लेखकाचे नाव कायम राहावे, अशी अपेक्षा असते.

पूर्वतयारी : पर्यायी पत्ता निर्माण करण्यापूर्वी त्या डोमेनचे टपाल कोणत्या सर्व्हरकडे न्यावयाचे, याची नोंद डोमेन-नामव्यवस्थेत करावी लागते. या नोंदीस ‘एमएक्स’ नोंद म्हणतात. त्याशिवाय, हे डोमेन आपले आहे व त्याचे टपाल स्वीकारावयाचे आहे, हे सर्व्हरच्या मांडणीतही नमूद करावे लागते. पहिली नोंद नसेल तर बाहेरचे पत्र योग्य सर्व्हरकडे पोचेलच असे नाही. दुसरी नसेल तर आलेले पत्र नाकारले जाते.

पर्यायी पत्त्यांची मांडणी : युनिक्स व लिनक्स प्रणालींवर हे पत्ते प्रायः ‘एलियसेस’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहितात. प्रत्येक ओळीत प्रथम पर्यायी नाव, नंतर अपूर्णविराम आणि त्यापुढे स्वल्पविरामाने वेगळे केलेले खरे पत्ते असतात. एखाद्या महाविद्यालयासाठी अशा ओळी पुढीलप्रमाणे असू शकतील (प्रत्यक्षात त्या रोमन लिपीत लिहिल्या जातात) :

पोस्टमास्टर : व्यवस्थापक
प्रवेश : लिपिक-१, लिपिक-२
ग्रंथालय : ग्रंथपाल

ही फाईल माणसाला वाचता येते. परंतु सर्व्हर तिच्यावरून तयार केलेली अनुक्रमित प्रत वापरतो. म्हणून फाईलमध्ये बदल केल्यावर ‘न्यूएलियसेस’ ही आज्ञा देऊन ती प्रत पुन्हा तयार करावी लागते. ही पायरी राहून गेल्यास फाईलमध्ये नवे नाव दिसत असते आणि टपाल मात्र जुन्याच माणसाकडे जात राहते. एका सर्व्हरवर अनेक डोमेन असतील, तर ‘प्रवेश’ हे एकच नाव दोन संस्थांसाठी वेगवेगळे असावे लागते. अशा वेळी @ चिन्हासह पूर्ण पत्ता डावीकडे लिहिण्याची सोय असलेला निराळा तक्ता वापरतात. पोस्टफिक्समध्ये त्यास आभासी पर्यायी पत्त्यांचा तक्ता म्हणतात व तो ‘पोस्टमॅप’ या आज्ञेने अनुक्रमित करतात.

‘एलियसेस’ फाईलमधील ओळीच्या उजव्या बाजूस पत्त्याऐवजी दुसऱ्या फाईलचे नाव देता येते. मग पत्रे त्या फाईलमध्ये साठत जातात. उभी रेघ घालून एखाद्या कार्यक्रमाचे नाव दिल्यास पत्र त्या कार्यक्रमास पुरविले जाते. सूची चालविणारे कार्यक्रम बहुधा याच मार्गाने सर्व्हरला जोडले जातात. ‘इन्क्लूड’ हा संकेत लिहून पत्त्यांची यादी असलेली वेगळी फाईल जोडता येते. ही यादी वाटपाच्या वेळी वाचली जात असल्याने तिच्यातील फेरबदलासाठी अनुक्रमित प्रत पुन्हा करण्याची गरज नसते. कार्यक्रम चालविण्याचा अधिकार ज्या फाईलमुळे मिळतो, ती कोणालाही लिहिता येत असेल, तर सर्व्हरचा ताबाच परक्याच्या हाती जाऊ शकतो. म्हणून तिच्यावरील लेखनाचा अधिकार व्यवस्थापकापुरताच ठेवतात.

पर्यायी पत्त्याला स्वतंत्र खाते किंवा परवलीचा शब्द नसतो. तो पत्र स्वीकारण्यापुरताच असतो. त्या पत्त्याच्या नावे उत्तर धाडावयाचे असल्यास तसा अधिकार संबंधित खात्यास वेगळा द्यावा लागतो. काही सर्व्हर नावापुढे अधिक चिन्ह व एखादा शब्द जोडलेला पत्ता मूळ पेटीतच पोचवितात. ज्याची नोंदच नाही अशा कोणत्याही नावाचे टपाल एका पेटीत घेण्याचीही सोय असते. तिच्यामुळे अक्षरांची चूक असलेली पत्रे वाचतात. परंतु कल्पित नावांवर धाडलेले स्पॅमही त्याच पेटीत लोटते. म्हणून ही सोय विचारपूर्वकच वापरावी लागते.

पदनामाचे पत्ते : पर्यायी पत्त्याचा सर्वांत मोठा उपयोग पदाशी निगडित पत्त्यांसाठी होतो. कार्यालयाच्या पत्रकावर एखाद्या अधिकाऱ्याचा वैयक्तिक पत्ता छापला, तर त्याची बदली किंवा निवृत्ती झाल्यावर नागरिकांचे अर्ज व तक्रारी कोणी न उघडणाऱ्या पेटीत पडून राहतात. अर्जदाराला पत्र पोचल्याचेच भासते, कारण ते परत आलेले नसते. पदनामाचा पत्ता छापल्यास माणूस बदलला तरी एक ओळ बदलून भागते व पत्रव्यवहाराचा धागा तुटत नाही. मे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नियमपत्रात अशा नावांची यादी दिलेली असून तीत गैरवापराच्या तक्रारींसाठी ‘अब्यूज’, डोमेन-नामव्यवस्थेसाठी ‘होस्टमास्टर’, संकेतस्थळासाठी ‘वेबमास्टर’ इ. नावे आहेत. ‘पोस्टमास्टर’ हे नाव तर टपाल स्वीकारणाऱ्या प्रत्येक डोमेनला मूळ नियमावलीनेच बंधनकारक आहे.

टपालसूची व परतीचा पत्ता : पाच-सात जणांच्या समितीसाठी पर्यायी पत्ता पुरेसा असतो. सभासदांची संख्या शेकड्यांत गेली की, त्यांतील काहींची खाती बंद झालेली असतात, काहींच्या पेट्या भरलेल्या असतात. अशा वेळी पर्यायी पत्ताच वापरला, तर सूचीवर पत्र लिहिणाऱ्या सामान्य सभासदाला अनोळखी पत्त्यांवरून परत आलेल्या पत्रांचा वर्षाव सहन करावा लागतो. त्याला यादीत बदल करता येत नाही. ज्याला करता येतो, त्या चालकाला काही कळत नाही. सेंडमेल व पोस्टफिक्स यांत यावर सोपा उपाय आहे. सूचीच्या नावामागे ‘ओनर’ हा शब्द व जोडरेघ लावून दुसरा पर्यायी पत्ता निर्माण केला की, सर्व्हर पाकिटावरील परतीचा पत्ता बदलून तेथे सूचीच्या चालकाचा पत्ता घालतो.

परत आलेल्या पत्रावरून नेमका कोणता पत्ता निकामी झाला हे ओळखणेही सोपे नसते, कारण सभासदाने आपले टपाल पुढे तिसऱ्याच पेटीकडे वळविलेले असू शकते. डॅनियल बर्नस्टाइन यांनी ‘क्यूमेल’ या आपल्या कार्यक्रमात यासाठी प्रत्येक प्रतीला निराळा परतीचा पत्ता देण्याची युक्ती वापरली. त्या पत्त्यातच सभासदाचा पत्ता गुंफलेला असल्याने परत आलेले पत्र आपली ओळख स्वतःच सांगते. मात्र यामुळे प्रत्येक प्रत वेगळी पाठवावी लागते. एरवी एकाच सर्व्हरवरील अनेक प्राप्तकर्ते एका देवघेवीत सांगता येतात. नियमावलीनुसार प्रत्येक सर्व्हरने एका वेळी किमान १०० प्राप्तकर्ते स्वीकारणे अपेक्षित आहे. पत्रासोबतच्या जोडपत्राचा भारही ध्यानात घ्यावा लागतो. ३ मेगॅबाइटचे जोडपत्र टपालासाठी संकेतबद्ध केल्यावर सु. ४ मेगॅबाइटचे होते. ते ४०० सभासदांना स्वतंत्रपणे धाडल्यास सर्व्हरला सु. १,६०० मेगॅबाइट टपाल बाहेर पाठवावे लागते.

टपालाचे फेरे : एका सर्व्हरवरील पर्यायी पत्ता दुसऱ्या सर्व्हरवरील पत्त्याकडे व तो पुन्हा पहिल्याकडे वळविलेला असल्यास पत्र अखंड फिरत राहते. यावर अनेक उपाय योजलेले आहेत. प्रत्येक सर्व्हर पत्रावर आपला शिक्का मारतो व शिक्क्यांची संख्या ठराविक मर्यादेपलीकडे गेल्यास पत्र परत करतो. परत जाणाऱ्या पत्राच्या पाकिटावर परतीचा पत्ता कोरा ठेवतात. त्यायोगे न पोचल्याच्या सूचनेवर पुन्हा न पोचल्याची सूचना निघत नाही. रजेवर असल्याचे आपोआप कळविणाऱ्या कार्यक्रमांसाठी २००४ मध्ये नियम ठरविण्यात आले. त्यांनुसार असे उत्तर पाकिटावरील परतीच्या पत्त्यावरच द्यावे, तो कोरा असल्यास देऊ नये व टपालसूचीवरील पत्रांस ते न देण्याची मुभा आहे.

यांखेरीज माणसांमुळे होणारे फेरेही असतात. १४ नोव्हेंबर २०१६ रोजी ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत नव्याने केलेल्या एका वितरणसूचीत सदोष रचनेमुळे आठ लाखांहून अधिक खातेदार समाविष्ट झाले. तीवर धाडलेल्या एका चाचणी-पत्रास ‘माझे नाव काढावे’ अशी उत्तरे अनेकांनी सर्वांनाच पाठविल्याने टपाल व्यवस्था काही काळ मंदावली. म्हणून मोठ्या सूचीवर कोणी लिहावे याची मर्यादा घालणे, किंवा प्रत्येक पत्र नियामकाने पाहून सोडणे, आवश्यक ठरते. सूचीतील पत्राचे उत्तर आपोआप सर्व सभासदांकडे जावे की केवळ लेखकाकडे, हेही आधीच ठरवावे लागते. चर्चेच्या सूचीस पहिली रीत सोयीची असली, तरी तिच्यामुळे खाजगी उत्तर सर्वांसमोर उघड होण्याचा धोका असतो.

संमती व गोपनीयता : कोणाचाही पत्ता त्याच्या नकळत सूचीत घालता येऊ नये म्हणून सूची-कार्यक्रम नव्या सभासदाकडे एक सांकेतिक शब्द पाठवितात व तो परत आल्यावरच नाव नोंदवितात. १९९८ पासून पत्राच्या शीर्षभागात सूचीत येण्याचे, तीतून बाहेर पडण्याचे व चालकास लिहिण्याचे पत्ते देण्याची प्रमाणित रीत आहे. एकाच कळीने बाहेर पडण्याची सोय २०१७ मध्ये प्रमाणित झाली. २०२४ मध्ये गुगल व याहू या कंपन्यांनी मोठ्या प्रमाणावर व्यापारी पत्रे धाडणाऱ्यांना ती सक्तीची केली. सभासदांचे पत्ते ‘प्रति’ या ओळीत लिहून धाडलेले पत्र ही टपालसूची नव्हे. त्यात प्रत्येकाचा पत्ता इतर सर्वांना उघड होतो.

प्रेषकाची पडताळणी : बनावट नावाने येणाऱ्या पत्रांना आळा घालण्यासाठी योजलेल्या उपायांनी या जुन्या व्यवस्थेपुढे नवे प्रश्न उभे केले. ‘एसपीएफ’ या पद्धतीत, आपल्या डोमेनचे टपाल कोणते सर्व्हर धाडू शकतात, हे डोमेनधारक जाहीर करतो. पर्यायी पत्ता परतीचा पत्ता कायम ठेवून पत्र दुसऱ्याच सर्व्हरवरून बाहेर पाठवीत असल्याने ते पत्र या कसोटीस उतरत नाही. ‘डीकेआयएम’ या पद्धतीत पत्रावर संगणकीय स्वाक्षरी असते. पत्र न बदलता पुढे गेले तर ती टिकते. परंतु सूचीने विषयात स्वतःचे नाव किंवा मजकुराखाली तळटीप जोडली, तर ती निरर्थक होते. या दोहोंवर आधारलेली ‘डीमार्क’ पद्धत पडताळणीचा संबंध वाचकाला दिसणाऱ्या प्रेषकाच्या डोमेनशी जोडते. एप्रिल २०१४ मध्ये याहू व एओएल यांनी, आपल्या डोमेनचे पडताळणीत न उतरणारे पत्र नाकारावे, असे जाहीर केले. परिणामी त्यांच्या खातेदारांनी सूचींवर लिहिलेली पत्रे इतर सभासदांचे सर्व्हर परत करू लागले, आणि पत्रे वारंवार परत येतात म्हणून सूची-कार्यक्रमांनी त्या निर्दोष सभासदांचेच टपाल थांबविले. तेव्हापासून अनेक सूची दिसणाऱ्या प्रेषकाच्या जागी सूचीचा पत्ता घालून लेखकाचे नाव शेजारी दर्शवितात. लेखकाचा पत्ता कायम राहावा, या जुन्या संकेतास त्यामुळे मुरड पडली आहे.

देवनागरी पत्ते : मूळ नियमावलीत पत्त्यासाठी केवळ रोमन अक्षरे, अंक व काही चिन्हे चालत. २०१२ मध्ये प्रमाणित झालेल्या विस्तारामुळे @ चिन्हाच्या दोन्ही बाजूंस देवनागरी लिपी वापरणे शक्य झाले. ऑगस्ट २०१४ मध्ये हिंदी, मराठी, कोकणी इ. भाषांसाठी ‘.भारत’ हे देवनागरी डोमेन खुले करण्यात आले. मात्र वाटेतील एखादा सर्व्हर हा विस्तार जाणत नसेल, तर पत्र पुढे जात नाही. म्हणून एका पेटीस देवनागरी व रोमन असे दोन पत्ते देणे हितावह ठरते. त्यांतील एक पत्ता दुसऱ्याचा पर्यायी पत्ता असतो. यामुळे पत्र येण्याची अडचण दूर होते. देवनागरी पत्त्यावरून बाहेर जाणाऱ्या पत्राची अडचण मात्र समोरचा सर्व्हर सुधारल्याखेरीज सुटत नाही.

देखभाल : प्रत्येक बदलानंतर बाहेरच्या खात्यावरून पत्र धाडून ते पोचते की नाही, हे पाहावे लागते. सूचीच्या बाबतीत एवढी चाचणी पुरेशी नसते. तीत अस्तित्वात नसलेला एखादा पत्ता मुद्दाम घालून परत येणारे पत्र चालकाकडेच येते, याची खात्री करून घेतात व मग तो पत्ता काढून टाकतात. कर्मचाऱ्यांच्या बदल्यांबरोबर पदनामाच्या पत्त्यांची यादीही तपासण्याचा नेम ठेवावा लागतो. अशा सर्व पत्त्यांची साखळी शेवटी नियमितपणे टपाल वाचणाऱ्या माणसापाशी संपत असेल, तरच ही व्यवस्था उपयोगी ठरते.